रस्ता खाते

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत वहीपूजन आटोपल्यावर चिरंजीवांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर पेन्सिलीने दोन रेघा ओढलेल्या होत्या. एक रेघ पाळधीजवळ महामार्गापासून फुटून, जळगाव शहराला बाहेरूनच वळसा घालून, तरसोदपाशी पुन्हा महामार्गाला मिळत होती. दुसरी जुनी रेघ बांभोरीजवळ गिरणा ओलांडून थेट शहरात शिरत होती. तिच्यावर इच्छादेवी चौक आणि अजिंठा चौफुली यांच्या दरम्यान एक बारीक फुली केलेली होती. ती फुली म्हणजे आमचे दुकान.

“पप्पा, वळणरस्ता पुरा झाला की ट्रक आपल्या दारावरून जाणार नाहीत. तरसोदच्या बाजूला एक जागा पाहून ठेवली आहे. इथल्या दुकानाला आज चांगला भाव येईल, उद्या येईलच असे नाही.”

मालमोटारींच्या सुट्या भागांचा आमचा व्यवसाय. पाटे, यू-बोल्ट, ब्रेक लायनर, बेअरिंग, फॅन बेल्ट असा माल. गिऱ्हाईक बहुतांशी वाटेवरचे. सुरतेहून नागपूरकडे निघालेल्या गाडीचा पाटा पारोळ्यापुढे तुटावा आणि चालकाने कसेबसे रेटत आमच्या दारी यावे, असा हा धंदा. मुलाचे म्हणणे हिशेबाला धरून होते, हे मला कळत होते. तरीही मी फक्त “पाहू” म्हणालो. व्यापारी घरात वडीलधाऱ्यांच्या ‘पाहू’चा अर्थ काय असतो, हे वाचकांस सांगावयास नको. चिरंजीवांनी कागदाची घडी केली आणि तो विषय तेथेच राहिला. पण त्यानंतर जेवताना आमचे बोलणे कमी झाले.

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेला गेलो. जावई आयोवा राज्यातील एम्स या गावी विद्यापीठात संशोधन करतात. गाव लहान, शांत. चहूकडे मक्याची व सोयाबीनची शेते. पहाटे उठण्याची सवय असल्याने मी घरची मंडळी जागी होण्यापूर्वीच फिरावयास निघत असे. विद्यापीठाच्या कडेने एक सरळ लांब रस्ता जातो. त्याच्या पाटीवर ‘लिंकन वे’ असे लिहिलेले होते. थोर पुरुषांची नावे रस्त्यांना आपल्याकडेही देतात, त्यामुळे पहिले काही दिवस मला त्यात विशेष वाटले नाही. एके दिवशी लेक म्हणाली, “बाबूजी, हा साधा रस्ता नाही. पूर्वी हा न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जात होता.” घरी आपल्याला मुलगा पप्पा म्हणतो आणि मुलगी बाबूजी. त्या दिवशी तिने मला गावच्या ग्रंथालयात नेऊन सोडले, आणि दुपारच्या जेवणापर्यंत मी तेथेच रमलो. मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके होती. माझे इंग्रजी बीजकापुरते; तरी शब्दकोश घेऊन मी पंधरा दिवस त्या रस्त्याचा इतिहास वाचला.

मोटार आली तेव्हा त्या अवाढव्य देशात गावाबाहेर रस्ता म्हणावा असे फारसे काही नव्हते. दूरचा प्रवास आगगाडीने होई. शेतकऱ्याची घोडागाडी स्थानकापर्यंत पोहोचली की काम भागले. पुढल्या गावाचा रस्ता कोणी बांधावा? अशा काळात, १९०३ साली, होरॅशिओ नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टराने पन्नास डॉलरची पैज घेतली की आपण सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला मोटारीने जाऊन दाखवू. सोबत सूवॉल क्रॉकर नावाचा मेकॅनिक घेतला, वाटेत बड नावाचा एक कुत्राही घेतला. धुळीने डोळे येऊ नयेत म्हणून त्या कुत्र्यालाही चष्मा घातला होता. सुटे भाग आगगाडीने मागवायचे आणि ते येईपर्यंत गावात मुक्काम करायचा, असे करीत त्यांना ६३ दिवस लागले. खर्च पैजेच्या कितीतरी पट झाला, आणि पैजेचे पन्नास डॉलर तर डॉक्टरांनी कधी मागितलेच नाहीत. सुट्या भागांसाठी खोळंबलेला तो पहिला प्रवासी! वाचता वाचता मला आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलेले कितीतरी चालक आठवले.

त्यांच्या प्रवासातला एक किस्सा असा सांगतात : वाटेत एका स्त्रीला त्यांनी रस्ता विचारला. तिने दाखवला त्या वाटेने ते पन्नासहून अधिक मैल गेले आणि एका शेतघरापाशी वाट संपली. परत येऊन विचारले तेव्हा ती म्हणाली, की आमच्या घरच्यांनी मोटार कधी पाहिली नव्हती, ती त्यांना दिसावी म्हणून तिकडे पाठवले! पुस्तकात हे विनोद म्हणून दिले आहे आणि मलाही हसू आले. पण अनोळखी मुलुखात वाट विचारणारा माणूस किती परस्वाधीन असतो, हेही त्यात दिसले.

सहा वर्षांनी, १९०९ मध्ये, ॲलिस रॅम्सी ही २२ वर्षांची गृहिणी तीन सहकारी स्त्रियांना घेऊन न्यूयॉर्कहून निघाली आणि ५९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. चौघींपैकी मोटार चालवता येत होती ती एकटीलाच. त्यांना सर्वांत जास्त छळले ते आयोवाच्या चिखलाने. ती माती मी हातात घेऊन पाहिली. काळी, कसदार, पाणी पडले की लोण्यासारखी. आपल्या तापीकाठच्या काळीत पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे वर्णन नको. कापूस पिकवणारी आणि मका पिकवणारी जमीन रस्त्याच्या बाबतीत सारखीच हट्टी.

मग व्यापारी पुढे सरसावले. इंडियानापोलिसचे कार्ल फिशर हे मोटारीच्या दिव्यांचे उत्पादक. १९१२ मध्ये त्यांनी मोटार-उद्योगातल्या मंडळींना जेवावयास बोलावले आणि सांगितले, की एक कोटी डॉलरची वर्गणी उभारू आणि एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत खडीचा पक्का रस्ता बांधू. एका टायर-कारखानदाराने तर त्याच बैठकीत तीन लाख डॉलर कबूल केले. सामान्य माणसासाठी पाच डॉलरचे सभासदत्व ठेवले. मात्र ज्यांच्या मोटारी सर्वाधिक खपत त्या हेन्री फोर्ड यांनी एक पैसाही दिला नाही. रस्ता हे सरकारचे, म्हणजे सर्व जनतेचे काम आहे; कारखानदारांनी तो बांधून दिला तर लोकांना त्यासाठी पैसे मोजण्याची सवय कधीच लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मला हे वाचून प्रथम त्यांचा राग आला. पुढे वाटले, की या गृहस्थाचा हिशेब लांबचा होता.

१ जुलै १९१३ रोजी लिंकन महामार्ग संघ स्थापन झाला. पॅकार्ड मोटार कंपनीचे हेन्री जॉय त्याचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी मार्ग जाहीर झाला : न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ३३८९ मैल, म्हणजे सुमारे ५४५० किलोमीटर. मार्ग आपल्या गावावरून जावा म्हणून गावोगावच्या व्यापाऱ्यांनी जिवाचे रान केले. कोलोरॅडो राज्य वगळले गेले तेव्हा तेथे एवढा गदारोळ झाला की त्याला एक फाटा द्यावा लागला. दोन वर्षांनी तो काढूनही घेतला. माणसे सगळीकडे सारखीच. आपल्या गावाला गाडीचा थांबा मिळावा म्हणून निवेदनांवर सह्या गोळा करणारे व्यापारी मंडळ डोळ्यांसमोर आणा.

संपूर्ण रस्ता बांधण्याइतका पैसा काही जमला नाही. तेव्हा संघाने एक अस्सल व्यापारी युक्ती काढली. धान्याच्या पोत्यातून मूठभर वानगी काढून आपण गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो, तसा त्यांनी मोक्याच्या ठिकाणी एकेक मैल सिमेंटचा रस्ता बांधून ठेवला. त्यासाठी सिमेंट कारखानदारांकडून मिळाले. पहिला असा मैल १९१४ मध्ये इलिनॉय राज्यात माल्टा गावाजवळ झाला. चिखलातून आलेल्या माणसाने तो एक मैल सुखाने चालावे, पुन्हा चिखलात उतरावे आणि घरी जाऊन आपल्या प्रतिनिधीला विचारावे, की सगळा रस्ता असा का नाही?

मला सर्वांत भावली ती त्यांची आणखी एक व्यवस्था. वाटेवरच्या गावागावांत संघाने आपले स्थानिक प्रतिनिधी नेमले होते. बहुतेक गावातलेच व्यापारी. त्यांनी प्रवाशाला पुढच्या रस्त्याची माहिती द्यावी, अडचणीत मदत करावी, एवढेच काम. रस्ता कच्चा होता, पण ओळीने अशी माणसे उभी होती म्हणून तो पार करता येत होता.

संघाचे यश पाहून इतरही असे मार्ग निघाले. कोणाचे नाव एखाद्या प्रांतावरून, कोणाचे एखाद्या उद्यानावरून. १९२० च्या दशकात अशा नावाच्या रस्त्यांची संख्या अडीचशेच्या घरात गेली. तारेच्या एकाच खांबावर चार-चार रस्त्यांचे रंगीत पट्टे दिसू लागले. काही मंडळे तर वर्गणी देणाऱ्या गावांसाठी सरळ रस्ता सोडून वाकडी वाट धरू लागली. अखेर १९२६ मध्ये सरकारने सर्व नावे बाजूला ठेवून क्रमांक दिले. लिंकन मार्गाच्या मोठ्या भागाला तीस क्रमांक मिळाला. नाव पुसले जाऊ नये म्हणून १ सप्टेंबर १९२८ रोजी देशभरच्या बालवीरांनी एकाच दिवशी रस्त्याच्या कडेला लिंकनच्या स्मृतीचे सिमेंटचे खांब रोवले. पुढे १९५६ च्या कायद्याने आजचे रुंद द्रुतमार्ग आले. ज्यांच्या सहीने तो कायदा झाला ते अध्यक्ष आयझेनहॉवर १९१९ मध्ये तरुण सैनिकी अधिकारी म्हणून लष्करी वाहनांच्या तांड्याबरोबर याच मार्गाने गेले होते. त्या तांड्याला वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्यास ६२ दिवस लागले होते. आता तीस क्रमांकाचा महामार्ग एम्सच्या दक्षिणेने बाहेरूनच जातो. द्रुतमार्ग तर त्याहूनही दूर.

एका रविवारी जावयांनी आम्हांला तासाभराच्या अंतरावरील टामा या गावी नेले. तेथे १९१५ चा एक छोटा पूल आहे. त्याच्या दोन्ही कठड्यांत सिमेंटची मोठी अक्षरे ओतून ‘लिंकन हायवे’ हे शब्द कोरल्यासारखे उभे केले आहेत. कधी काळी साऱ्या खंडाची वाहतूक येथून जाणार म्हणून गावाने केवढ्या अभिमानाने ही अक्षरे घडवली असतील! आम्ही पाऊण तास तेथे होतो. तेवढ्या वेळात पुलावरून तीन गाड्या गेल्या. मी कठड्यावर हात ठेवून उभा राहिलो, आणि मला आमच्या दुकानावरची पाटी दिसू लागली.

परतताना गाडीत मनात धुळ्याचा विचार चालू होता. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याची नवी पेठ वसवली. मुंबईहून आग्र्याला जाणारा राजमार्ग मालेगाव, धुळे, शिरपूर असा खानदेशातून सेंधव्याकडे चढतो. धुळ्यातील त्याच्या वाटेवरच्या बाजारपेठेला आजही लोक ‘आग्रा रोड’ म्हणतात. आग्र्याला जाणारी वाहतूक केव्हाच गावाबाहेरून गेली. आग्रा रोडवर आज साड्या, भांडी, औषधे विकली जातात. ‘लिंकन वे’ आणि ‘आग्रा रोड’, दोघेही एकाच घरचे. गाव सोडून गेलेल्या रस्त्याने मागे ठेवलेली नावे.

लिंकनचे आपल्याशी नाते याहूनही जुने आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लिंकनने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव ही कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आली ती त्या वर्षांत. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पुष्कळांचे हात पोळले. दूरच्या देशात एक दरवाजा बंद झाला की आपल्या दारी तेजी आणि तो उघडला की मंदी, हे आपल्या पूर्वजांनी तेव्हाच अनुभवले.

रस्त्यांच्या खर्चाचा जो प्रश्न फिशर आणि फोर्ड यांच्यात होता तोच पुढे आपल्याकडेही आला. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मोटारींसाठी रस्ते करणे प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेरचे झाले आहे, असे तिचे मत पडले. तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन रस्त्यांसाठी निधी उभा राहिला. जो रस्ता वापरतो त्याने थोडे थोडे द्यावे, हा तो हिशेब. १९४३ च्या नागपूर परिषदेत राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग अशी प्रतवारी ठरली. पुढे आपल्याकडेही क्रमांक आले. आग्रा मार्ग तीन झाला, सुरत-धुळे-जळगाव-नागपूर मार्ग सहा झाला आणि धुळ्याला दोघांची भेट झाली. २०१० मध्ये क्रमांक पुन्हा बदलले. सहाचे त्रेपन्न झाले. आमच्या बीजकावरचा पत्ता मात्र अजून ‘हायवे नं. ६’ असाच आहे.

आता घरची गोष्ट. आमच्या दादाजींचे धान्याचे दुकान धुळ्याला आग्रा रोडवर होते. वाहतूक बाहेर गेली तेव्हा बाबूजींनी त्यांना बाहेर चलण्याविषयी विनवले. दादाजी ‘पाहू’ म्हणाले. शेवटी बाबूजी एकटेच जळगावला आले आणि सहा नंबरच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये चार फॅन बेल्ट टांगून बसले. ही हकिकत मी लहानपणापासून ऐकत होतो, पण नेहमी बाबूजींच्या बाजूने. त्या दिवशी टामाहून परतताना प्रथमच कळले, की आता दादाजींच्या गादीवर मी बसलो आहे.

गंमत अशी की दादाजींचे दुकानही बुडाले नाही. वाटसरू गेले, पण आसपासच्या गल्ल्यांतील घरे त्यांच्याकडूनच धान्य नेत राहिली. एक राहिला, एक गेला, दोघांचेही चालले.

जळगावला परत आल्यावर मी माळ्यावरून बाबूजींच्या जुन्या खतावण्या काढल्या. त्यांत ‘रस्ता खाते’ या नावाचे एक पान दर वर्षी असे. रात्री-अपरात्री गाडी मोडलेल्या, खिशात पैसे नसलेल्या अनोळखी चालकांना दिलेला माल या खात्यात नावे पडे. नाव, गाडीचा क्रमांक, गाव आणि वस्तू. ‘पाटा १, रायपूर’. ‘बेअरिंग २, आकोट’. समोर जमेच्या बाजूला कधी महिन्याने, कधी दोन वर्षांनी रक्कम आलेली दिसते. सगळ्या आल्या नाहीत. ज्या आल्या नाहीत त्या दिवाळीला एका रेघेने धर्मादायात वळवलेल्या आहेत, कसलीही टीप न लिहिता. बाबूजींची आणखी एक रीत होती. कोणी वाट विचारली की ते गादीवरून हात दाखवून उत्तर देत नसत. पायरी उतरून रस्त्यावर जात आणि चालकाच्या शेजारी उभे राहून वळण दाखवत. “आपण बसलो आहोत, तो वाटेत आहे,” एवढेच म्हणत. आयोवाच्या त्या गावोगावच्या प्रतिनिधींना पत्रे देऊन नेमले होते. आमच्या बाबूजींना कोणी नेमले नव्हते.

चातुर्मास संपल्यावर साधू-साध्वी याच महामार्गाने विहार करतात. पहाटेच्या अंधारात त्यांच्यासोबत नशिराबादपर्यंत चालताना मागून येणाऱ्या ट्रकचे दिवे अंगावर येतात तेव्हा लक्षात येते, की रस्ता हा वेगाने जाणाऱ्याचा तेवढाच नाही. चालणाऱ्याचा आहे आणि थांबलेल्याचाही. बाबूजींना हे दुकानात बसून कळले होते.

मेहरूणच्या बोरांचा हंगाम सुरू झाला त्या सुमारास एका सकाळी मी मुलाला म्हणालो, “चल, तुझी जागा दाखव.” वाटेत एक पुडा बोरे घेतली. तरसोदजवळ रस्त्याचे काम चालू होते. मुरमाचे ढीग, लाल-पांढरे अडथळे, तात्पुरते फाटे. मी त्याला माझे म्हणणे सांगितले. जुने दुकान विकायचे नाही. आमचे दोन जुने कामगार मेहरूणमधून पायी येतात; त्यांना रोज एवढ्या लांब आणणे बरे नव्हे. अर्धे दुकान ठेवू, शहरातल्या रिक्षा, टेम्पोंचा माल भरू, सकाळी मी बसेन. इकडे आधी जागा भाड्याने घे. विकत घेण्याचे दोन दिवाळ्यांनी ठरवू. तो ऐकत होता. मग म्हणाला, “पप्पा, दोन दिवाळ्या जास्त होतात. एक.” मी हसलो. सौदा एका दिवाळीवर तुटला.

तेवढ्यात समोर एक ट्रक थांबला. परप्रांतातला होता. चालकाने खिडकीतून डोके काढून विचारले, “सेठजी, भुसावल किधर से?” तात्पुरत्या फाट्यांमुळे तो गोंधळला होता. मी हात वर करणार तोच चिरंजीव गाडीतून उतरला, धुळीतून चालत ट्रकपाशी गेला आणि चालकाच्या दाराजवळ उभे राहून त्याला वळण दाखवू लागला. परत आला तेव्हा त्याच्या बुटांवर मुरूम होता.

मी काही बोललो नाही. घरी आल्यावर नव्या दुकानासाठी आणलेल्या खतावणीच्या पहिल्या पानानंतरचे एक पान कोरे सोडले आणि त्यावर शीर्षक लिहून ठेवले.